मीटरवर एकच दिवा, खाली तीन दुखणी: खाली उतरवलेल्या गाडीचं एक प्रकरण

गाडी जर्मन बनावटीची सेडान. सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्राइव्ह आणि कंपनीतून येताना इलेक्ट्रॉनिक शॉकअप. मालक निपाणीकडचे, तिशीतले. गाडी सेकंड हँड घेतलेली. मीटरवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा येतो, मध्येच आठवडा-आठवडा येत नाही, आणि मागचा सेन्सर नवीन टाकला तरी थांबत नाही, ही तक्रार घेऊन ते आमच्या गॅरेजमध्ये आले.

बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात अशा गाड्या हल्ली वरचेवर दिसतात. मोठ्या शहरात पहिल्या मालकाने हौसेने बांधलेली गाडी काही वर्षांनी इकडे येते, पण तिच्यात काय बदललं, कुठल्या मापाचं टाकलं याचा कागद तिच्यासोबत येत नाही. मग दिवा पेटला की स्कॅनर लावायचा, पडद्यावर 'सेन्सर' हा शब्द दिसला की सेन्सर मागवायचा. मूळ स्थितीतल्या गाडीवर हा खाक्या बऱ्याचदा चालून जातो. बदल केलेल्या गाडीवर तो नुसते पैसे खातो, कारण तिथं कंट्रोल युनिटच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या, डोक्यात एक गाडी असते आणि जमिनीवर उभी असते ती वेगळीच. या प्रकरणातली सगळी भानगड त्या दोन गाड्यांमधल्या फरकाची होती.

मालक काय सांगत होते

मालकांशी नीट बोलायला दिलेला वेळ पुढं सगळ्यात कामाला आला. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "मिस्त्री, सेन्सर बदलला तरी लाइट येतीयाच बघा. फोनवर तो छोटा स्कॅनर लावला तर म्हणतोय कोडच न्हाई."

फोनच्या स्कॅनरचं आधी सांगून टाकतो. कोड म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवलेल्या दोषाची खूण. त्याचे चार गट असतात: इंजिन-गिअरबॉक्सचे पी, बॉडीचे बी, चेसिसचे सी आणि आपसातल्या नेटवर्कचे यू. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा प्रदूषणाशी संबंधित इंजिनचे कोड तेवढे वाचतो. सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचायला त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो. त्यामुळे फोन 'कोड नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ इतकाच की त्याने त्या खोलीत डोकावलेलंच नाही.

दिवा नेमका कधी येतो, हे विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं, "कधीबी येतोय." मग गाडीत किती माणसं होती, रस्ता कुठला, पाऊस होता का, असं एकेक विचारत गेलो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडल्या. एक, बायका-पोरं आणि सामान घेऊन गावाकडं निघालं की दिवा हमखास. एकटं असताना सहसा नाही. दुसरी, पावसात जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला गेलं की दिवा येतो आणि तो गाडी दोन दिवस उभी राहिली की आपोआप जातो. त्या वेळी गाडीत एकटे असले तरी येतो.

वजनाने येणारा दोष आणि पाण्याने येणारा दोष सहसा एक नसतो. तिथंच आम्ही फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. मालकांनी निघता निघता तिसरी गोष्टही सांगितली, ती त्यांच्या लेखी या भानगडीशी संबंधित नव्हती: रात्री हेडलाइट अगदी जवळ पडायचा, म्हणून एका ठिकाणी तो वर करून घेतलाय. हे वाक्यही फळ्यावर गेलं.

गाडीखाली काय सापडलं

लिफ्टवर घेतल्यावर पहिल्यांदा यादी केली. चारही इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून त्यांच्या जागी साधे कॉइलओव्हर टाकलेले होते. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंगची बैठक आट्यांवर फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. कंपनीच्या मापाशी ताडून पाहिलं तर गाडी पुढून ३५ मिलिमीटर आणि मागून ४० मिलिमीटर खाली होती. टायर मूळपेक्षा रुंद. मागच्या दोन्ही बाजूंचे बंपस्टॉप, म्हणजे गाडी तळाला टेकू नये म्हणून असलेले रबराचे ठोकळे, निम्म्यावर कापलेले. ते ब्लेडने कापल्याचं कडेवरून स्पष्ट दिसत होतं. कापले ते अशासाठी की गाडी खाली आणल्यावर ठोकळा लगेच टेकतो आणि मागची सीट आदळते. आदळणं त्याने कमी होतं खरं, पण चाक आता कंपनीने कधी धरलेलंच नाही इतकं वर येऊ शकतं. हे पुढं महत्त्वाचं ठरणार होतं.

मूळ शॉकअपच्या पोटात एक व्हॉल्व्ह असतो. त्यातल्या कॉइलमधून किती करंट सोडायचा ते कंट्रोल युनिट ठरवतं, आणि त्यावर शॉकअप मऊ की कडक हे ठरतं. शॉकअप बदलले की कॉइल गेल्या, पण कंट्रोल युनिट करंट सोडतच राहतं आणि तो परत येतो का हे बघत राहतं. नाही आला की दिवा. म्हणून प्रत्येक चाकापाशी त्या कॉइलइतकाच रेझिस्टन्स असलेला एक डबा लावतात. बाजारात त्याला कॅन्सलेशन मॉड्यूल म्हणतात. या गाडीत असे चार डबे होते. मागचे दोन डिकीच्या आत कोरडे, पुढचे दोन चाकाच्या कमानीत प्लॅस्टिकच्या आडोशाला, केबल टायने बांधलेले.

शॉकअप साधे झाले तरी उंचीचे सेन्सर कामावरून सुटत नाहीत. या गाडीला ते तीन: पुढं दोन्ही बाजूंना एकेक आणि मागं फक्त डावीकडे. सेन्सर बॉडीला बसलेला असतो, त्याला एक छोटा दांडा असतो, आणि त्या दांड्यापासून चाक धरणाऱ्या खालच्या आर्मपर्यंत बोटभर लांबीची लिंक. चाक वर-खाली झालं की लिंक दांडा फिरवते आणि सेन्सर त्या कोनाचं व्होल्टेज करून पाठवतो. या माहितीवर हेडलाइटची पातळीही ठरते. तेव्हा शॉकअप साधे टाकल्यावर सेन्सर काढून टाकले तरी काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांना रात्री समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याची शिवी ऐकू येत नाही इतकंच.

कोड आणि त्यामागची नोंद

स्कॅनरवर तीन कोड होते. मागचा डावा उंची सेन्सर, सिग्नल मर्यादेबाहेर. पुढचा उजवा शॉकअप व्हॉल्व्ह, सर्किट तुटलेलं. आणि उंचीची मूळ स्थिती शिकवलेली नाही, म्हणजे सेन्सर बदलल्यावर करायचं कॅलिब्रेशन राहिलेलं.

कोडपेक्षा त्यामागची फ्रीझ फ्रेम वाचणं जास्त मोलाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग किती, बॅटरी किती व्होल्ट, बाहेर तापमान किती, हे कंट्रोल युनिट लिहून ठेवतं. सेन्सरचा कोड चालत्या गाडीत, बऱ्यापैकी वेगात, कोरड्या उन्हाच्या दिवसातला. व्हॉल्व्हचा कोड कमी वेगातला, थंड हवेतला. मालकांनी सांगितलेल्या दोन गोष्टींशी हे दोन कोड बरोबर जुळत होते. बॅटरीचं व्होल्टेज दोन्हीकडे ठीक. हेही बघावंच लागतं, कारण बॅटरी मेल्यावर अशा गाड्या नसते-नसते कोड टाकतात.

सेन्सर खरंच गेला होता का

जुना सेन्सर डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होता. आम्ही तो टेबलावर घेतला. याला तीन तारा: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. कुठली तार कुठली हे वायरिंगच्या नकाशात बघूनच जोडायचं, अंदाजाने नाही. पाच व्होल्टसाठी मोबाइलचा जुना चार्जर पुरतो. मल्टीमीटर सिग्नलवर लावला आणि दांडा बोटाने हळूहळू फिरवला. अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत आकडा कुठेही न अडकता चढला, तसाच उतरला. मध्ये हिसका नाही, उडी नाही. सेन्सर ठणठणीत होता. अशा सेन्सरचा ओहममध्ये रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, आत चुंबकीय किंवा इंडक्टिव्ह सर्किट असतं. पुरवठा देऊन सिग्नलच बघावा लागतो.

म्हणजे चांगला सेन्सर काढून चांगलाच सेन्सर टाकला होता. आधीच्या गॅरेजवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कोडच्या मजकुरात सेन्सरचं नाव होतं, त्यावर त्याने विश्वास ठेवला. पण 'सिग्नल मर्यादेबाहेर' याचा अर्थ सेन्सर बिघडला असा होत नाही. थर्मामीटरने १०४ ताप दाखवला तर आपण थर्मामीटर फेकून देत नाही.

गाडीवरच्या सेन्सरचे आकडे बघितले. पुरवठा ५ व्होल्ट, अर्थमध्ये गळती नाही. गाडी रिकामी, सपाटीवर उभी असताना मागचा सिग्नल ३.६ व्होल्ट. कंपनीच्या उंचीवर तो अडीचच्या आसपास, म्हणजे मधोमध असायला हवा. दांड्याला वर जायला आणि खाली यायला सारखी जागा मिळावी म्हणून तो मधोमध ठेवलेला असतो. आमची दोन पोरं आणि मालक असे तिघं मागच्या सीटवर बसले, डिकीत टायर टाकले. आकडा ४.१. आता साडेचारची हद्द फक्त ०.४ व्होल्ट दूर. या गाडीवर मागचं चाक सुमारे पंधरा मिलिमीटर वर आलं की ०.४ व्होल्ट सरतात. आणि बंपस्टॉप कापलेले असल्यामुळे चाक तितकं सहज वर येत होतं. हायवेवर पुलाच्या जोडावरून गाडी दबली की सिग्नल हद्द ओलांडणार, कंट्रोल युनिटला तो तारेच्या शॉर्टसारखा दिसणार, आणि दिवा पेटणार. एकटा माणूस गाडीत असेल तर तेवढी दबत नाही, म्हणून पेटत नाही.

पोरांना उतरवून एकेकाला परत बसवलं आणि प्रत्येक वेळी आकडा टेपवर लिहिला. हेल्पर पोराने तो कन्नडमध्ये लिहिला, आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. वजन आणि व्होल्टेज हातात हात घालून चढताना दिसल्यावर मालकांनीच विचारलं, "म्हंजे सेन्सरला मी जागाच ठेवली न्हाई व्हय?" तसंच होतं.

लिंकचं काम

इथं तीन वाटा होत्या. गाडी परत कंपनीच्या उंचीवर न्यायची. नवीन उंची तशीच ठेवून लिंक बदलायची. किंवा सस्पेन्शनचं कंट्रोल युनिट कोडिंगने बंद करून दिवाच घालवायचा. तिसरी वाट सगळ्यात जास्त विचारली जाते आणि आम्हाला सगळ्यात कमी पटते. उंचीची माहिती हेडलाइटसुद्धा वापरत असतील तर एक दिवा विझवून दुसरीकडे अंधार करण्यासारखं ते होतं. आणि काही गाड्यांत ते युनिट नेटवर्कवर नसलं की बाकीचे त्याला शोधत कोड टाकतात.

मालकांना गाडी खालीच हवी होती. पण निपाणीकडच्या गावांतले गतिरोधक आणि चोर्ल्याचा पावसाळी रस्ता बघता पूर्ण ४० मिलिमीटर ठेवण्यात शहाणपण नाही, हे त्यांना आम्हाला पटवायची गरज पडली नाही. पुढच्या बंपरचा ओठ आधीच तीन ठिकाणी घासलेला होता. मागून १५ आणि पुढून १० मिलिमीटर गाडी वर घेतली. बंपस्टॉप नवीन टाकले, पूर्ण. तेवढ्याने रिकाम्या गाडीचा मागचा सिग्नल ३.२ वर आला. उरलेलं काम लिंकचं.

सेन्सर वर आणि आर्म खाली अशी रचना असेल तर गाडी खाली आल्यावर लिंक दांड्याला वर ढकलते. दांडा परत मधोमध आणायचा तर लिंक आखूड करावी लागते. मूळ लिंक मध्यापासून मध्यापर्यंत ६२ मिलिमीटर होती. बाजारात अॅडजस्टेबल लिंक मिळतात, पण बाहेरून मागवून आठवडाभर वाट बघायची वेळ बेळगावात सहसा येत नाही. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीपासून हायड्रॉलिक सिलिंडरपर्यंत सगळं होतं, तिथं बोटभर दांड्याची काय कथा. लेथवाल्याकडे लिंक नेऊन दाखवली. त्याने कॅलिपर लावला, उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "लांबी किती ते सांगा की वो, आटे मी एका बाजूला उलटे टाकतो."

उलटे आटे हा नेमका मुद्दा होता. षटकोनी सळईच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असले की मधली सळई पान्याने फिरवली तरी दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर येतात. लिंक न काढता, स्कॅनरवर व्होल्टेज बघत बघत लांबी जुळवता येते. दोन्ही टोकांना लॉक नट. बॉल जॉइंटवर रबरी टोपी मात्र हवीच; त्याशिवाय खानापूर भागातली लाल माती एका पावसाळ्यात जॉइंट खडखडीत करते. आकडा २.५ वर आला तेव्हा लिंकची लांबी ५१ मिलिमीटर भरली.

यानंतर जी तपासणी केली ती वगळली तर हे काम धोक्याचं आहे. स्प्रिंग बाहेर काढून चाक जॅकने बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर नेलं, मग पूर्ण लोंबकळेपर्यंत खाली सोडलं. या सगळ्या प्रवासात दांडा आणि लिंक एका सरळ रेषेत येता कामा नयेत. आले तर दांडा पलीकडे पलटू शकतो आणि गाडी दबली की सेन्सर उलटं सांगायला लागतो, किंवा लिंक अडकून सेन्सरच तुटतो. वर टेकल्यावर ४.३, खाली लोंबकळताना ०.९. दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा राहिली.

पुढच्या दोन सेन्सरांचे आकडे २.८ आणि २.९ होते. त्यांना हात लावला नाही.

पावसातला दोष

पुढच्या उजव्या बाजूचा कोड कोरड्या गॅरेजमध्ये यायलाच तयार नव्हता. मल्टीमीटरने मोजलं तर डब्याचा रेझिस्टन्स २.४ ओहम, डावीकडच्याइतकाच. इथं बरेच जण 'ठीक आहे' म्हणून पुढं जातात. मल्टीमीटर ओहम मोजताना अगदी क्षुल्लक करंट सोडतो. वायरीतल्या वीस बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो ठीकच सांगतो. कंट्रोल युनिट मात्र त्याच तारेतून एक-दोन अँपिअर नेऊ बघतं.

त्यासाठी आमच्याकडे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट ठेवलेला असतो. बारा व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या करंटच्या जवळपास. मूळ कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि डबा यांमधला जोड दोन्हीकडून सोडवून घेतला आणि फ्यूज लावून त्यातून बल्ब पेटवला. डावीकडचा जोड: बल्ब झळझळीत, जोडावर व्होल्टेज जवळजवळ शून्य. उजवीकडचा जोड: बल्ब लालसर, आणि जोडावरच तीन व्होल्टपेक्षा जास्त अडकलेले. वायर बोटाने किंचित हलवली आणि बल्ब गेला.

टेप सोलली. आत तारा नुसत्या पिळून दाबलेल्या, वर इन्सुलेशन टेपचे चार वेढे. टेपचा गोंद उष्णतेने पाघळून काळा चिकट झालेला. त्याखाली तांबं हिरवं पडलं होतं, आणि हिरव्यावर लाल मातीचा बारीक थर. तार सोलत मागं गेलो तर जोडापासून वीतभर अंतरापर्यंत तांबं आतून काळं. पाणी एकदा बारीक तारांच्या जुडग्यात शिरलं की इन्सुलेशनच्या आतून असं वर चढत जातं. हिरवा भाग कापून नवीन टिकली (टर्मिनल) दाबली असती तर काम झाल्यासारखं दिसलं असतं आणि पुढच्या पावसात गाडी परत आली असती. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापली आणि तेवढी नवीन जोडली.

चाकाच्या कमानीत डबा बसवणं दोन कारणांनी चूक होतं. पाणी हे एक. दुसरं उष्णता. अडीच ओहममधून दोन अँपिअर गेले तर दहा वॅट उष्णता तयार होते, आणि ती सतत. डब्याला बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात त्या यासाठीच. तो धातूला घट्ट बसला तर उष्णता निघून जाते, प्लॅस्टिकच्या आडोशाला लोंबकळत असला तर स्वतःलाच भाजतो. टेपचा गोंद पाघळला तो यातूनच. पुढचे दोन्ही डबे आम्ही बॉनेटच्या आत, शॉकअपच्या टॉवरच्या पत्र्यावर बोल्टने बसवले. रबरी सील असलेले कपलर, जोडांवर आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि कपलरच्या आधी वायरला खाली झोळ, म्हणजे वायरवरून घरंगळणारं पाणी कपलरपर्यंत न येता झोळाच्या तळातून गळून पडतं. डावीकडचा जोड चांगला होता तरी तोही तसाच केला. तो फक्त अजून कुजला नव्हता.

सपाटी आणि हेडलाइट

कॅलिब्रेशन म्हणजे कंट्रोल युनिटला सांगणं की ही उंची म्हणजे शून्य. ते सांगताना गाडी खरोखर सपाटीवर हवी. गॅरेजची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, तेवढ्यावर जाऊ नये. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी चारही चाकांपाशी फिरवली. एका कोपऱ्यात फरक निघाला, तिथं चाकाखाली पत्रा सरकवला. टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, गाडीत कोणी नाही, दारं बंद. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर मोजून स्कॅनरमध्ये भरलं. उंची फारच कमी असेल तर काही कंट्रोल युनिट हे आकडे घेतच नाहीत. गाडी थोडी वर घेतल्याचा इथंही उपयोग झाला. आकडे पहिल्याच फेरीत घेतले गेले.

आता मालकांचं ते तिसरं वाक्य. सेन्सर बदलून कॅलिब्रेशन न केल्यामुळे कंट्रोल युनिट जुन्याच शून्यावरून मोजत होतं. मागचा सिग्नल ३.६ दिसला की त्याला वाटायचं मागं भरपूर वजन आहे, नाक वर झालंय, म्हणून ते हेडलाइट खाली झुकवायचं. मालकांना रस्ता दिसेना, म्हणून कोणीतरी हेडलाइटचे स्क्रू फिरवून प्रकाश हाताने वर केला. एका चुकीवर दुसरी चूक बसवून काम भागलं होतं. आम्ही पहिली चूक काढल्याबरोबर दुसरी उघडी पडली: कॅलिब्रेशननंतर गाडी भिंतीसमोर लावली तर लो बीमची रेघ छताच्या वाश्याला.

या हेडलाइटवर किती टक्के उतार हवा ते छापलेलं असतं. इथं एक टक्का होतं, म्हणजे दहा मीटरवर प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली. भिंतीवर चिकटपट्टी लावून स्क्रू तिथवर परत आणले. मग डिकीत टायर टाकले. हेडलाइट आपणहून किंचित झुकून परत त्याच पट्टीवर आले. सेन्सर, लिंक आणि कॅलिब्रेशन तिन्ही एकदम तपासायची याहून सोपी रीत आम्हाला माहीत नाही.

रस्त्यावर

पहिली फेरी वजनाची. मागं तिघं, डिकीत सामान, हायवेने निपाणीकडे, तवंदी घाट उतरून परत. स्कॅनर लावलेलाच ठेवला होता. पुलांच्या जोडांवर मागचा सिग्नल जास्तीत जास्त ३.९ पर्यंत गेला. दुसरी फेरी पाण्याची. पाऊस त्या आठवड्यात रुसला होता, म्हणून आधी पुढच्या कमानीत पाइपने पाणी मारलं आणि मग पिरनवाडीवरून जांबोटीपर्यंत गाडी नेली. कोड आला नाही. खरी परीक्षा मालकांनी नंतर चोर्ल्यात केली, भर पावसात, आणि दिवा न आल्याचा फोन गोव्यातल्या साखळी गावातून केला.

पैशाचं बोलायचं तर लिंक, कपलर, हीटश्रिंक आणि बंपस्टॉप मिळून झालेला खर्च त्या आधी बदललेल्या एका सेन्सरपेक्षा बराच कमी होता. वेळ मात्र गेला, आणि वेळेचे पैसे आम्ही लावले.

कायद्याचं मालकांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमात न बसणाऱ्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायदा केंद्राचा, तेव्हा कोगनोळीच्या राज्यसीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, सारखाच. विमा कंपनीला बदल न कळवता अपघात झाला तर दावा अडू शकतो. म्हणून मूळ शॉकअप मिळाले तर घेऊन ठेवा, असं आम्ही सुचवलं. ते पहिल्या मालकाकडेच राहिले होते आणि त्याने विकले होते.

पावसाळा सरल्यावर गाडी तपासणीला आली. बॉनेटमधले कपलर उघडले, आत कोरडे. मागच्या लिंकच्या एका टोपीला चीर गेली होती, ती बदलली. मागचा सिग्नल २.५ वरच. मालकांना आता पुढून आणखी दहा मिलिमीटर खाली हवीय. पुढच्या सेन्सरांचे आकडे त्याने ३.१-३.२ पर्यंत जातील, हद्दीच्या आतच. पण तेवढं केलं तर कॅलिब्रेशन आणि हेडलाइट दोन्ही नव्याने करावे लागतील, आणि बंपरचा ओठही नवीन घेऊन ठेवावा लागेल, हे त्यांना सांगितलंय. ते विचार करतायत.